हिरव्या सहा कुंड्या

"मी विष घातलं म्हणतात," ती आत येता येताच म्हणाली. "आणि सोमवारी सकाळी सगळा पुरावा कचऱ्यात जाणार आहे."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा. कुणाला घातलं?"

"भाताला."

कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत बसलेल्या भावजींना हसू फुटलं. बाईचा चेहरा पाहून त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

वहिनींनी अर्धं आयुष्य विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडण्यात घालवलं होतं. आता त्या खऱ्या माणसांची अब्रू वाचवायची कामं घेत. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवणं, पिशव्या उचलणं आणि सगळ्यात आधी चुकीच्या माणसावर बोट ठेवणं, ही तिन्ही कामं ते मन लावून करीत.

आलेली बाई भात संशोधन केंद्रात संशोधिका होती. तिच्या नखांत चिखल होता आणि डोळ्यांत रात्रभराचं जागरण.

"आमच्या गावाच्या वरच्या अंगाला दिवे बनवायचा कारखाना होता," ती सांगू लागली. "बंद पडून जमाना झाला. पण त्यातला पारा ओढ्याने खाली उतरला आणि भातखाचरांत बसला. साचलेल्या पाण्यात तो आणखी घातक होतो. रोप तो मुळाने पितं, दाण्यात साठवतं आणि माणूस तो दाणा खातो. माझ्या आईचे हात थरथरायला लागलेत. आता ती विकतचा तांदूळ खाते, पण रान सोडायला तयार नाही."

"यावर उपाय?"

"सेलेनियम. मातीत चिमूटभर मिसळलं की ते पाऱ्याला मुळापाशीच गाठतं. दोघांची अशी घट्ट जोडी जमते की ती पाण्यात विरघळत नाही आणि मुळातही सहसा शिरत नाही. जास्त झालं तर सेलेनियमही विषच, म्हणून मोजून घालायचं. काचघरात माझ्या चोवीस कुंड्या आहेत. सगळ्यांत आमच्याच खाचरांची माती. बारांत सेलेनियम घातलंय, बारा साध्या. कुठल्या दाण्यात किती पारा उतरला ते सोमवारी समितीपुढे ठेवायचंय. सेलेनियमचा गुण दिसला तर खाचरं वाचतील. नाहीतर मुरूम टाकून कायमची बुजवतील. वरचं गाव तसंच बुजवलं."

"आणि विष?"

"काल, गुरुवारी सकाळी सहा कुंड्या करपलेल्या दिसल्या. सहाही साध्या. आमच्या सरांनी त्यांची माती तपासायला लावली, तर वरून पाऱ्याचं द्रावण ओतलेलं निघालं. सर म्हणतात, सेलेनियम गुणकारी दिसावं म्हणून मीच साध्या कुंड्या मारल्या."

"मारल्यात का?"

"नाही."

वहिनींनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग पर्स उचलली. "भावजी, कोडं राहू दे. दुसरं आलंय."

*

काचघर लांबट होतं. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत एकच दगडी कट्टा आणि त्यावर एका रांगेत चोवीस कुंड्या. प्रत्येकीत चार बोटं पाणी. दारापासून मोजत गेलं की दर चौथी कुंडी करपलेली. टोकाची, भिंतीला टेकलेली शेवटचीसुद्धा. बाकी रोपं हिरवीगार, लोंब्या भरत आलेल्या.

"यातल्या सेलेनियमच्या कुठल्या?" वहिनींनी विचारलं. "वर काहीच खूण नाही."

"खूण तळाला कोरलेली आहे. पाणी घालणाऱ्याने नकळतही भेदभाव करू नये म्हणून. आम्ही जागेवरून ओळखतो. दोन सेलेनियमच्या, दोन साध्या, पुन्हा दोन, पुन्हा दोन. आत्ता दारापासून पहिल्या दोन सेलेनियमच्या आहेत."

"रोपाकडे पाहून कळत नाही?"

"नाही ना! मातीतल्या एवढ्या पाऱ्याने रोप हिरवंच राहतं. म्हणून तर गाव इतकी वर्षं फसलं. फरक फक्त दाण्यात."

"आत्ता पहिल्या दोन, म्हणालात. म्हणजे जागा बदलतात?"

"दर सोमवारी प्रत्येक कुंडी एक जागा दाराकडे सरकते. दारातली पहिली उचलून पार टोकाला जाते. ऊन सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून. सरांचा नियम आहे."

भावजींनी आपल्याच गालावर चापट मारली. "डास! वहिनी, इथे पाच मिनिटं थांबलो तर तुम्हाला दुसरा दीर शोधावा लागेल."

वहिनी एका कुंडीतल्या पाण्यात डोकावत होत्या. मग दुसरीत. मग तिसरीत जरा जास्त वेळ. "भावजी, डासांची पिल्लं पाण्यात वळवळताना पाहिलीत कधी?"

"पिल्लांचं काय घेऊन बसलात, आईबाप चावतायत."

"पाहा आता. एकेका कुंडीत नीट पाहा. ज्यात वळवळ नाही तिच्यासमोर कट्ट्यावर खडूने फुली मारा."

भावजी कुरकुरत कामाला लागले. तेवढ्यात काचघर सांभाळणारे काका आतल्या खोलीतून आले आणि स्टुलावर बसले. कंबरेला पट्टा होता, अंगाला मलमाचा वास होता. वहिनी त्यांना काही विचारणार, तोच दार उघडलं. काका कट्टा धरून, दात आवळून उभे राहिले.

आत आलेले गृहस्थ उंच होते. शर्टाची घडी मोडलेली नव्हती. संशोधिका आपोआप दोन पावलं मागे झाली. हेच सर.

"तपास करताय असं ऐकलं," सर म्हणाले. "सोमवारी सकाळपर्यंत करा. समिती यायच्या आत मी काचघर रिकामं करतोय. विषारी माती अशी उघड्यावर ठेवता येत नाही."

"सोमवारी तर कुंड्या सरकवायच्या असतात ना?" वहिनींनी सहज विचारलं.

"तीस वर्षं एकही सोमवार चुकलेला नाही. सोमवार चुकला की प्रयोग चुकला." सरांची नजर करपलेल्या कुंड्यांवरून फिरली आणि काकांवर येऊन थांबली. "या सोमवारी सरकवल्या होत्यास ना?"

"हो, सर."

"सगळ्या?"

"हो, सर. सगळ्या."

सर निघून गेले. काका हळूहळू खाली बसले.

वहिनींनी दारातली पहिली कुंडी दोन्ही हातांनी उचलून पाहिली. ती कट्ट्याला चिकटली होती. जोर लावल्यावर सुटली आणि खाली क्षारांचं जाड पांढरं कडं दिसलं.

"काका, ही कुंडी एवढ्यात हललेली नाही."

काकांचा चेहरा उतरला. "बाई, नोकरी जाईल माझी. सोमवारी कंबर धरली. वाकताच येईना. या बाई म्हणाल्या, राहू दे, एका आठवड्याने काही बिघडत नाही. यांना माहीत आहे आणि प्रयोगशाळेतल्या साहेबांना. सरांना तेवढं सांगू नका."

संशोधिकेने मान खाली घातली. "मीच थांबवलं त्यांना. म्हटलं पुढच्या सोमवारी सरकवू."

"काका, तुम्ही कुठले?"

"वरच्या गावचा. आमची खाचरं बुजवली ना. सरांचाच अहवाल होता तो." काकांनी पट्टा आवळला. "पण नंतर सरांनीच इथे कामाला लावलं. उपकार आहेत त्यांचे."

बाहेर पडताच भावजींनी वहिनींना गाठलं. "हाच! रान गेलं, राग मनात. खोटंही बोलला. शिवाय मलमाच्या वासामागे माणूस काहीही लपवू शकतो."

"फुल्यांचं काय झालं?"

"फुल्या होय. बारा झाल्या. करपलेल्या सहांत काहीच वळवळत नाही, ते ठीक. पण हिरव्या सहांतही नाही. करपलेल्या प्रत्येकीच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, जी हिरवी कुंडी आहे ना, तिच्यात. शेवटच्या करपलेलीच्या पलीकडे भिंतच आहे, म्हणून तिच्या वाटची बहुतेक दारातली पहिली. डासांनाही पसंती-नापसंती असते म्हणायची."

वहिनी जागच्या जागी थांबल्या. मग एकदम वळून प्रयोगशाळेकडे चालू लागल्या.

*

पारा मोजायचं यंत्र सांभाळणाऱ्या तरुणाला सगळे काटेकोर म्हणत. तो चहाची पावडरसुद्धा काट्यावर तोलून घेतो अशी त्याची ख्याती होती. ती खोटी नव्हती. टेबलावर चमचा काट्यातच पडला होता.

"आधीच सांगतो," तो म्हणाला. "तिची जागा गेली तर मला मिळेल. ती मला हवीही आहे. काचघराची चावी माझ्याकडे आहे. काकांकडे, तिच्याकडे आणि सरांकडेही आहे. बुधवारी केंद्र बंद होतं, मी घरी झोपलो होतो, साक्षीदार कुणी नाही. झालं?"

"चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तुमच्या मनात तर दिवसाचा उजेड आहे," वहिनी म्हणाल्या. "पाऱ्याचं द्रावण कुठून आलं?"

"इथलंच. या कपाटातलं. कपाटाला कुलूप नाही."

"बुधवारीच ओतलं हे नक्की?"

"मंगळवारी संध्याकाळी मी स्वतः रोपांची उंची मोजली. तोवर सगळं ठीक होतं."

"सोमवारी कुंड्या सरकवल्या?"

काटेकोरने चष्मा काढून पुसला. "काकांना मलम मीच आणून दिलं. कुंड्यांना कुणी हात लावला नाही. सरांच्या कानावर जाऊ देऊ नका."

"मग माझं एक काम करा. फुल्या मारलेल्या सहा हिरव्या कुंड्यांची माती तपासा. आणि त्यांच्या लोंब्यांतले दाणेही."

"हिरव्या? सरांनी फक्त करपलेल्या तपासायला सांगितल्या होत्या."

"कुंड्या कुणाच्या?"

"तिच्या."

"तिची हरकत नाही. आणि आकडा मला सांगायच्या आधी कुणालाही सांगू नका. सरांनाही नाही."

काटेकोरने काट्यातला चमचा उचलून बाजूला ठेवला. मग पांढरा कोट अंगात घातला.

*

सरांच्या खोलीत टेबलावर एकही कागद नव्हता. भिंतीवर उजाड, सपाट जमिनीचं मोठं छायाचित्र होतं.

"ते वरचं गाव," सर म्हणाले. "मी बुजवायला लावलं. लोक शिव्याशाप देत गेले. आज तिथे कुणी विषारी दाणा खात नाही. निर्णय घ्यायला छाती लागते."

"सेलेनियमबद्दल तुमचं मत?"

"भाबडी आशा. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण आईचं रान आहे ना, तिथे शास्त्र आंधळं होतं. अशी माणसं मग कुंड्या मारतात."

"तुम्ही काचघरात फारसे जात नाही?"

"गरज पडत नाही. रचना मीच ठरवली आहे. सोमवार मोजले की कुठली कुंडी कुठे आहे ते बसल्या जागी कळतं." ते उठले. "आणि काही?"

"नाही. तुमचा हिशेब पक्का आहे."

बाहेर आल्यावर भावजी कुजबुजले, "काका नसेल तर काटेकोर. इतकं खरं बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही."

वहिनी गाडीत बसल्या आणि घर येईपर्यंत बोटांवर चोवीसपर्यंत मोजत राहिल्या. भावजींना घाम फुटला. वहिनी मोजायला लागल्या की कुणाचं तरी काही खरं नसतं.

*

सोमवारी सकाळी काचघराबाहेर घमेली-फावडी घेतलेले चार मजूर बसले होते. आत सर, संशोधिका, काटेकोर आणि स्टुलावर काका. सर येताना काका उठले होते. वहिनींनीच त्यांना खांद्याला धरून पुन्हा बसवलं. संशोधिकेच्या हातात फोन होता. आई सकाळपासून तिसऱ्यांदा निकाल विचारत होती.

"पाच मिनिटं," सर घड्याळ पाहत म्हणाले.

"पुरेत." वहिनी कट्ट्यापाशी उभ्या राहिल्या. "सहा कुंड्या करपल्या, सहाही साध्या. म्हणून सगळ्यांनी मानलं की विष साध्या कुंड्यांना घातलं. पण डासांना कुणी विचारलं नाही. भावजींनी विचारलं."

भावजींनी छाती जरा पुढे काढली. आपण काय विचारलं हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

"बाकी कुंड्यांत पिल्लं वळवळत होती. करपलेल्या सहांत नव्हती. आणि सहा हिरव्या कुंड्यांतही नव्हती. रोप धडधाकट, पाणी मेलेलं. काटेकोर, काय निघालं?"

काटेकोरने हातातला कागद उलगडला. "त्या सहाही हिरव्या कुंड्यांच्या मातीत वरून ओतलेला पारा आहे. करपलेल्यांत होता तेवढाच. आणि त्या सहाही सेलेनियमच्या आहेत."

संशोधिका जवळच्या हिरव्या कुंडीपाशी गेली.

"म्हणजे विष बारा कुंड्यांना घातलं," वहिनी म्हणाल्या. "सहा मेल्या, सहांना सेलेनियमने वाचवलं. वाचल्या म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. आता सांगा, साध्या कुंड्या मारणारी बाई सहा साध्या सोडून आपल्याच सहा सेलेनियमच्या कुंड्यांवर विष कशाला ओतेल? मग ओतणाऱ्याला हव्या होत्या तरी कुठल्या? फुल्या पाहा. जोडीजोडीने आहेत. चौथी आणि पाचवी. आठवी आणि नववी. असंच टोकापर्यंत. फक्त शेवटची एकटी आणि दारातली पहिली एकटी."

"बरं मग?" सर म्हणाले.

"मीही तेच विचारत होते. दोन-दोनच्या जोड्या तर सेलेनियमच्याही आहेत. पण त्या आहेत पहिली-दुसरी, पाचवी-सहावी, अशा. प्रत्येक जोडी एक जागा दाराकडे सरकवून पाहा. पाचवी-सहावी झाली चौथी-पाचवी. दुसरी आली पहिल्या जागी. आणि पहिली उचलून गेली टोकाला, शेवटची झाली." वहिनींनी खडूचा तुकडा खाली ठेवला. "विष जिथे पडलं, त्या सेलेनियमच्या कुंड्यांच्या जागा आहेत. गेल्या सोमवारी कुंड्या सरकवल्या असत्या तर. पण त्या सरकवल्याच नव्हत्या."

"काय?" सर गर्रकन काकांकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मला तोंडावर सांगितलंस तू! सगळ्या सरकवल्या म्हणालास!"

"सर," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "बाईंची सहा रोपं मेली, सहांत चोरून घातलेलं विष निघालं, ते ऐकून तुम्ही गप्प होतात. सोमवार चुकला हे ऐकून मात्र तोल गेला. तुम्ही कुंड्यांना हातच लावला नसेल, तर एका सोमवाराने तुमचं काय बिघडलं?"

सरांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

"बाईंना माहीत होतं की कुंड्या हलल्या नाहीत. काटेकोरला माहीत होतं, काकांना माहीत होतं. तिघांतल्या कुणीही जागा बरोबर धरल्या असत्या. चावी असलेल्या चौघांत फक्त तुम्हाला माहीत नव्हतं. कारण तुमचा नियम मोडला हे तुम्हाला सांगायची इथे कुणाची छाती नाही. तिघांपैकी कुणी तुम्हाला अडकवायला हा घाट घातला असता, तर हिरव्या कुंड्यांकडे त्यानेच आमचं लक्ष वेधलं असतं. कुणीच वेधलं नाही. शुक्रवारी तुम्ही काकांना दोनदा खोदून विचारलंत, ते शिस्तीपोटी नव्हतं. ओतलं सेलेनियमच्या कुंड्यांत, मग साध्या का मेल्या, हे कोडं तुम्हाला सुटत नव्हतं. काकांनी भीतीपोटी 'हो' म्हटलं, तुम्ही आणखीच गोंधळलात. बाईंवर बोट तर आधीच ठेवलं होतंत, आता सगळं उपसायला माणसंही बोलावलीत."

"पण वहिनी," भावजींना राहवलं नाही, "सेलेनियमची रोपं मारून यांना काय मिळणार होतं?"

"मारायची नव्हतीच. उपटली असती तर घातपात दिसला असता. यांना हवं होतं हिरवं रोप आणि नासका दाणा. समितीने दाणा तपासायचा, पारा सापडायचा, सेलेनियम खोटं ठरायचं. पण साधं रोप करपेल एवढं विष तुम्ही बेधडक ओतलंत, सर. सेलेनियमची रोपं तेवढं पचवतील असा भरवसा होता म्हणूनच. बाहेर ज्याला भाबडी आशा म्हणत होतात, त्याच्यावरच तुमचा डाव उभा होता."

"आणि दाणे?" संशोधिकेने विचारलं. "काटेकोर, दाण्यांत किती आला?"

काटेकोर पहिल्यांदाच हसला. "नावाला. मी तीनदा मोजलं. मुद्दाम पाजलेला पारासुद्धा दाण्यापर्यंत पोचलेला नाही. असा कठोर प्रयोग करायची आपली कुणाची हिंमत झाली नसती."

तिने तोंडावर हात दाबून धरला. हातातला फोन पुन्हा वाजू लागला होता.

"वरचं गाव," वहिनी सरांना म्हणाल्या. "भिंतीवर लावलंय तेच ना? हे खरं ठरलं, तर लोक विचारणार की आम्हाला का उठवलं."

सरांनी आता कट्टा धरला होता. "मला तेव्हा हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. "तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

"खरं आहे. तेव्हा माहीत नव्हतं, तो गुन्हा नाही. पण बुधवारी माहीत होतं."

स्टुलावरून काकांचा आवाज आला. इतका हळू की सगळ्यांना मान वळवावी लागली.

"म्हणजे सर, आमचं रान जगलं असतं?"

सरांनी काकांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, काचघराची चावी सोडवायला घेतली. ती कडीतून निघेना. शेवटी सगळा जुडगाच कट्ट्यावर ठेवला आणि ते दाराकडे निघाले. काकांच्या अगदी समोरून गेले.

काका बसूनच राहिले.

दार लागलं. संशोधिका फोन कानाला लावून "आई, आई" एवढंच म्हणत होती. काटेकोर बाहेर जाऊन मजुरांना परत पाठवत होता. भावजी काकांजवळ गेले. शुक्रवारी आपण यांच्यावरच बोट ठेवलं होतं हे आठवून त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

"काका, कंबर फार दुखतेय का?"

"नाही," काका म्हणाले. "आज बरी आहे."